पिवळ्यातून काळा, काळ्यातून पिवळा

पोस्टाच्या तिकिटाएवढा काचेचा चौकोन एका छोट्या चकतीवर ठेवलेला असतो. त्यावर पिवळसर द्रावणाचे दोन-चार थेंब टाकले की चकती मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांच्या वेगाने गरगरू लागते. जास्तीचं द्रावण कडेने उडून जातं आणि काचेवर जेमतेम दिसेल असा ओलसर पापुद्रा उरतो. मग, चकती फिरत असतानाच, दुसऱ्या एका द्रावकाची धार नेमकी मधोमध सोडायची. ती कोणत्या सेकंदाला सोडायची हे ठरलेलं असतं. दोन-तीन सेकंद इकडेतिकडे झाले तर तो चौकोन वाया गेला. वेळ साधली, तर काच चिमट्याने उचलून शंभर अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवायची आणि बघत राहायचं. फिकट पिवळा रंग आधी तपकिरी होतो, तपकिरी गडद होत जातो, आणि बघता बघता काच काळीभोर, आरशासारखी चकचकीत होते.

हे सगळं उघड्या टेबलावर चालत नाही. बंद काचेच्या पेटीत नायट्रोजन भरलेला असतो. पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून विद्यार्थी तासन् तास काम करतात. बाहेरच्या हवेतला ओलावा आत शिरला, तर रंग हवा तसा येत नाही.

संक्रांतीचा हलवा करणाऱ्या बायकांना हे शास्त्र हातांनी ठाऊक असतं. मंद आचेवर तीळ किंवा खसखस हलवत राहायची, पाक थेंबाथेंबाने सोडायचा. एकदम ओतला तर गोळा होतो, बेताने सोडला तर दाण्यादाण्याला काटा फुटतो. हवा ढगाळ असेल तर कितीही सुगरण असो, काटा येत नाही. काचेवरच्या त्या पापुद्र्यातही असंच घडतं. द्रावक उडून गेल्याने द्रावण गरजेपेक्षा दाट झालेलं असतं, आतले कण स्फटिक व्हायला टपलेले असतात. दुसऱ्या द्रावकाची धार पडली की सगळीकडे एकाच क्षणी लक्षावधी बीजस्फटिक पडतात आणि थर एकसंध जमतो. धार उशिरा पडली तर इथेतिथे मोठे स्फटिक वाढतात आणि मध्ये भोकं राहतात.

तो काळा थर म्हणजे पेरोव्हस्काइट. त्याची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. एवढ्याशा थरात डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा सूर्यप्रकाश शोषला जातो. सौरघट म्हणून त्याची बरोबरी आज सिलिकॉनशी होते. हा पदार्थ इतक्या सहज कसा घडतो, आणि इतक्या सहज घडलेला पदार्थ टिकवायचा कसा, हे दोन प्रश्न गेली दीड दशकं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या तिघांनाही एकाच टेबलाशी बसवून आहेत.

सहज म्हणजे किती सहज, ते कळायला सिलिकॉनची घडण पाहावी लागते. गारगोटीचे दगड कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंशांना तापवले की सिलिकॉन सुटं होतं. पण ते अशुद्ध असतं. मग त्याचं वायुरूप संयुग करायचं, ते गाळायचं, त्यातून पुन्हा घनरूप सिलिकॉन काढायचं, ते १४१४ अंशांना वितळवून त्यातून एक अखंड स्फटिक हळूहळू वर ओढायचा आणि त्याच्या पातळ चकत्या कापायच्या. ९९.९९९९ टक्क्यांहून अधिक शुद्धता लागते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. तिथून २७ टक्क्यांच्या पुढे जायला सत्तर वर्षं लागली. पेरोव्हस्काइटने ३.८ टक्क्यांपासून सुरुवात करून २६ टक्क्यांचा टप्पा पंधरा वर्षांच्या आत ओलांडला. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण सौरघटांच्या दुनियेत कुणाला लावायची असेल तर याच पदार्थाला.

नाव मात्र जुनं आहे. बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव्ह रोझ यांच्याकडे १८३९ मध्ये रशियातल्या उरल पर्वतातून एक खनिज आलं. दहा वर्षांपूर्वी हम्बोल्ट यांच्याबरोबर त्या मुलखातून ते स्वतः हिंडून आले होते. खनिजाचं विश्लेषण करून रोझ यांनी त्याला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरकारी अधिकाऱ्याचं आणि खनिजसंग्राहकाचं नाव दिलं. ते होतं कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं संयुग. पुढे लक्षात आलं की त्याच्या अणूंची मांडणी अनेक वेगवेगळ्या संयुगांत आढळते, आणि मग ते नाव त्या एका खनिजापुरतं न राहता मांडणीचंच झालं.

मांडणी डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. एक अणू मधोमध, त्याच्या वर-खाली, पुढे-मागे, डाव्या-उजव्या बाजूंना सहा अणू. हा झाला आठ त्रिकोणी बाजूंचा अष्टफलक. असे अष्टफलक टोकाला टोक लावून तिन्ही दिशांना रचत जायचे. आठ अष्टफलकांच्या बेचक्यात जी खोली तयार होते तिच्यात तिसऱ्या प्रकारचा एक मोठा कण बसतो. बस्स. पण या तीन जागांवर कोणाला बसवायचं यात प्रचंड मोकळीक आहे. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खटकन दाबल्यावर ठिणगी पडते ती शिसं, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या पेरोव्हस्काइटवर चापाचा ठोका बसल्यामुळे. मोबाइलच्या आत वीज साठवणारे जे शेकडो चिमुकले कपॅसिटर असतात त्यांत बेरियमचं पेरोव्हस्काइट असतं. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी ज्या पदार्थात अनपेक्षित अतिसंवाहकता शोधली त्याचीही घडण याच कुळातली. आणि आपल्या पायांखाली सुमारे ६६० किलोमीटरपासून खोल खोल पसरलेलं ब्रिजमनाइट नावाचं खनिजही याच मांडणीचं. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यानेच व्यापला आहे.

त्या खोलीत बसणारा कण किती मोठा असावा याचा हिशोब व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्येच मांडून ठेवला होता. कण खोलीपेक्षा फार लहान असेल तर अष्टफलक वाकडे होतात, फार मोठा असेल तर रचनाच कोसळून दुसरी काहीतरी बनते. त्रिज्यांचं एक साधं गुणोत्तर काढायचं, ते ०.८ ते १ यांच्या दरम्यान असलं की घर उभं राहण्याची शक्यता चांगली. शंभर वर्षांपूर्वीचं हे गणित आजही नवं मिश्रण ठरवताना आधी केलं जातं. पुढे त्याचा संबंध येणारच आहे.

सौरघटातल्या पेरोव्हस्काइटमध्ये ऑक्सिजन नसतो. अष्टफलकाच्या मध्यावर शिसं, सहा टोकांवर आयोडीन किंवा ब्रोमीन, आणि खोलीत एकतर सीझियम किंवा कार्बन-नायट्रोजनचा एखादा छोटा सेंद्रिय कण. येल विद्यापीठातल्या होरेस वेल्स यांनी सीझियम आणि शिशाची अशी संयुगं १८९३ मध्ये बनवली होती. कोपनहेगनच्या ख्रिश्चन म्योलर यांनी १९५०च्या दशकात त्यांची रचना उलगडली आणि उजेड पडला की त्यांतून वीज जास्त सहज वाहते हेही नोंदवलं. १९७८ मध्ये श्टुटगार्टच्या डीटर वेबर यांनी सीझियमच्या जागी मिथिलअमोनियम हा सेंद्रिय कण बसवला. म्हणजे पदार्थ तयार होता, त्याचा प्रकाशाशी असलेला संबंधही माहीत होता. तरी त्याला सूर्यासमोर धरून बघायला आणखी तीस वर्षं गेली. विज्ञानात असं वारंवार घडतं, आणि मला त्याचं दर वेळी वाईट वाटतं. उत्तर कपाटात असतं, पण तो प्रश्न घेऊन कुणी त्या कपाटापाशी गेलेलं नसतं.

तो प्रश्न घेऊन गेला अकिहिरो कोजिमा हा विद्यार्थी. जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या प्रयोगशाळेत तो काम करत होता. तिथे रंगद्रव्याचे सौरघट बनवले जात. १९९१ पासून गाजलेल्या या प्रकारात टायटॅनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र थराला रंगद्रव्य लावतात. रंगद्रव्य उजेड शोषतं, सुटलेला इलेक्ट्रॉन टायटॅनियम ऑक्साइडला देतं, आणि भोवतीचं द्रावण त्याची भरपाई करतं. कोजिमाने रंगद्रव्याऐवजी पेरोव्हस्काइटचे सूक्ष्म कण लावले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कार्यक्षमता होती ३.८ टक्के. भोवतीच्या द्रावणातच पेरोव्हस्काइट विरघळत असल्यामुळे घट काही मिनिटांत मरत असे. फार थोड्यांनी त्याकडे लक्ष दिलं.

लक्ष देणाऱ्यांपैकी एक होते दक्षिण कोरियाचे नाम-ग्यू पार्क. त्यांनी आणि लोझानच्या मिखाएल ग्रेट्झेल यांनी २०१२ मध्ये ते घातकी द्रावण काढून टाकलं, त्याजागी घनरूप सेंद्रिय थर वापरला आणि ९.७ टक्क्यांपर्यंत मजल मारली. दुसरे होते ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ. त्यांच्या गटाने मियासाकांना बरोबर घेऊन त्याच वर्षी जो प्रयोग केला तो मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

त्यांनी इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या टायटॅनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सांगाडा वापरला. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे पक्कं विद्युतरोधक, त्यातून इलेक्ट्रॉन जाऊच शकत नाही. तोवरच्या समजुतीप्रमाणे घट बंद पडायला हवा होता. रंगद्रव्याचं काम फक्त उजेड शोषायचं, वाहून नेण्याचं काम सांगाड्याचं. सांगाडाच बहिरा केला तर वीज येणार कुठून? पण घट बंद पडला नाही. उलट त्याचं व्होल्टेज वाढलं आणि कार्यक्षमता १०.९ टक्क्यांवर गेली. याचा अर्थ एकच होता. उजेड शोषणारं पेरोव्हस्काइटच इलेक्ट्रॉन वाहून नेत होतं. ज्याला तीन वर्षं रंगद्रव्य समजून वागवलं, ते सिलिकॉनसारखं अस्सल अर्धवाहक निघालं. पुढच्याच वर्षी स्नेथ यांनी सांगाडा पूर्णपणे काढून टाकला, नुसता सपाट थर ठेवला आणि १५ टक्क्यांचा टप्पा पार केला.

मग भौतिकशास्त्रज्ञ कोड्यात पडले. शंभर अंशांवर, द्रावणातून, मिनिटाभरात जमलेला स्फटिक दोषांनी भरलेला असणार. कुठे आयोडीनची जागा रिकामी, कुठे शिसं चुकीच्या ठिकाणी, कुठे दोन स्फटिककणांच्या सीमेवर सगळीच घडी विस्कटलेली. सिलिकॉनमध्ये इतके दोष असते तर सुटलेला इलेक्ट्रॉन थोडं अंतर जाऊन एखाद्या दोषात अडकला असता आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली असती. म्हणूनच तर तिथे एवढ्या शुद्धतेचा आटापिटा. पण २०१३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये मोजमाप झालं, तेव्हा पेरोव्हस्काइटच्या एका प्रकारात इलेक्ट्रॉन एक मायक्रॉनहून जास्त अंतर सुखरूप जाताना आढळले. थराची जाडीच अर्धा मायक्रॉन. म्हणजे बहुतेक सगळे काठाला पोहोचणार.

कारण दोषांच्या स्वभावात आहे. खड्डे दोन प्रकारचे असतात. एकात चाक गेलं की गाडी तिथेच बसते, दुसऱ्यात गेलं तर धक्का बसतो पण गाडी पुढे निघते. सिलिकॉनमध्ये बंध तुटला की जी ऊर्जापातळी तयार होते ती खोल खड्ड्यासारखी असते. शिसं आणि आयोडीन यांच्यातला बंध असा आहे की तो तुटला, तरी बहुतेक वेळा तयार होणारा खड्डा उथळ राहतो. इलेक्ट्रॉन त्यात पडतो, आणि खोलीच्या तापमानाला जेवढी थरथर असते तेवढ्यानेही बाहेर येतो. शिवाय ही जाळी मऊ आहे, सिलिकॉनच्या ताठपणाचा जेमतेम दहावा हिस्सा. तिच्यातून इलेक्ट्रॉन जातो तेव्हा भोवतीचे आयन थोडे सरकून त्याला झाकून घेतात, दोषांचं ओढणं त्याच्यापर्यंत पूर्ण जोराने पोहोचत नाही. पदार्थ दोष टाळत नाही, तो दोष पचवतो.

आता तोच काळा थर ओल्या हवेत ठेवून पाहा. काही दिवसांत कडेला पिवळी किनार दिसते, ती आत सरकते, आणि एक दिवस सगळा चौकोन पिवळा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड ओतल्यावर जो झळझळीत पिवळा साका तळाशी बसतो, तोच हा पदार्थ, लेड आयोडाइड. पाण्याच्या रेणूंनी मिथिलअमोनियमला खोलीतून बाहेर काढलं, घर कोसळलं आणि विटा तेवढ्या उरल्या. ज्या थोड्याशा ऊर्जेत हे घर बांधता आलं, तेवढ्याच थोड्याशा ऊर्जेत ते मोडतं. पदार्थाच्या चांगुलपणाचं आणि त्याच्या दुबळेपणाचं मूळ एकच आहे. म्हणून दोष काढून टाकून गुण तेवढा ठेवू, असं इथे करता येत नाही. सगळं संशोधन या पेचाभोवती फिरतं.

पाणी अडवणं त्यातल्या त्यात सोपं. दोन काचांच्या मध्ये थर ठेवून कडा ब्युटाइल रबराने बंद करतात. अवघड आहे ते आतून होणारं बिघडणं. मऊ जाळीतले आयोडीनचे आयन आपली जागा सोडून हिंडतात. २०१४च्या सुमारास यामुळे मोठा गोंधळ झाला. एकाच घटाचं मोजमाप व्होल्टेज वाढवत नेऊन केलं तर एक आकडा, कमी करत आणलं तर दुसरा. कोणता खरा? बऱ्याच गाजलेल्या आकड्यांकडे त्यामुळे पुन्हा पाहावं लागलं, आणि स्थिर उजेडात घट काही मिनिटं चालवून मगच आकडा द्यायचा, अशी शिस्त हळूहळू आली. ती यायलाच हवी होती.

दुसरी लहर २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या एरिक होक आणि मायकेल मॅगही यांच्या गटाने दाखवली. आयोडीन आणि ब्रोमीन यांचं मिश्रण असलेला थर उजेडात ठेवला की मिनिटाभरात त्यात फूट पडते. आयोडीनची वस्ती एकीकडे, ब्रोमीनची दुसरीकडे. दिवा बंद करून अंधारात ठेवला की दोघं पुन्हा एकजीव होतात. सूर्यप्रकाशात काम करण्यासाठी बनवलेला पदार्थ सूर्यप्रकाशातच दुभंगावा, ही मोठीच अडचण होती. पण अंधारात तो आपोआप सांधला जातो, हेही विसरून चालत नाही. काही घट दिवसभरात थकतात आणि रात्रभरात बरेचसे पूर्ववत होतात. आयन हिंडतात म्हणून घडी मोडते, आणि हिंडतात म्हणूनच परत बसते. काही मिश्रणांत मात्र रोजची ही उकल-बांध अखंड उजेडापेक्षाही जास्त झिजवते. म्हणून प्रयोगशाळेत दिव्याखाली सलग हजार तास चाललेला घट गच्चीवर तितकाच चालेल, असं आता कुणी गृहीत धरत नाही.

तिसरी अडचण रंगाचीच. मिथिलअमोनियम उष्णतेत उडून जातो म्हणून त्याच्याजागी फॉर्मअमिडिनियम हा थोडा मोठा आणि जास्त टिकाऊ कण आणला. पण तो खोलीला किंचित मोठा पडतो. साधारण दीडशे अंशांना स्फटिक काळा असतो, गार होऊन काही काळ गेला की रचना बदलून पिवळा पडतो. यात काही विघटन झालेलं नसतं, तेच अणू वेगळ्या मांडणीत बसलेले असतात, पण वीज देणं थांबतं. सीझियमचं नेमकं उलट. तो खोलीला लहान पडतो आणि त्याचाही स्फटिक पिवळ्याकडेच ओढ घेतो. कोकणात गडगा रचताना मोठ्या दगडांच्या बेचक्यांत कपच्या ठोकतात, तशी युक्ती इथे उपयोगी पडली. मोठा फॉर्मअमिडिनियम, त्यात थोडा मिथिलअमोनियम आणि थोडा लहान सीझियम. सरासरी आकार गोल्डश्मिट यांच्या गणितात बरोबर बसतो आणि सगळे मिसळले असल्यामुळे पिवळ्या रचनेत ओळीने बसणं कुणालाच जमत नाही. लोझानमध्ये मायकेल सलिबा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असं तिहेरी मिश्रण करून २१ टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता मिळवली. त्याहून मोलाचं म्हणजे त्यांचे निकाल इतरांच्या प्रयोगशाळांतही तसेच येऊ लागले.

पेरोव्हस्काइट सिलिकॉनला हटवणार का, असं बरेचदा विचारलं जातं. मला तो प्रश्न चुकीच्या बाजूने विचारलेला वाटतो, कारण या पदार्थाची सर्वांत आशादायक जागा सिलिकॉनच्या डोक्यावर आहे. प्रत्येक अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सुटा करायला एक ठरावीक किमान ऊर्जा लागते. तिला बँड गॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये ती कमी आहे, १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यामुळे निळ्या प्रकाशाचा ऊर्जावान कण आला तरी त्यातून तेवढीच ऊर्जा हाती लागते, वरची सगळी उष्णता होऊन जाते. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार एकाच पदार्थाचा घट कितीही निर्दोष केला तरी साध्या सूर्यप्रकाशात सुमारे ३३ टक्क्यांच्या पुढे जात नाही. सिलिकॉनची प्रत्यक्ष मर्यादा तर २९च्या आसपास. म्हणून दोन चाळण्या एकावर एक ठेवायच्या. वर पेरोव्हस्काइट, बँड गॅप साधारण १.७. निळा-हिरवा-पिवळा प्रकाश ते चांगल्या भावाने वठवतं, लाल टोकाकडचा आणि अवरक्त प्रकाश खाली सिलिकॉनला सोडतं. पेरोव्हस्काइटमध्ये आयोडीन-ब्रोमीनचं प्रमाण बदलून बँड गॅप हवा तसा ठरवता येतो, ही सोय सिलिकॉनजवळ नाही.

या जोडघटात गाडं अडतं ते दोन थरांच्या मधल्या सांध्यात. तिथे इलेक्ट्रॉन फार वाया जातात. त्यावरचा एक देखणा उपाय लिथुआनियातल्या कौनास शहरातून आला. तिथल्या तंत्रविद्यापीठात व्हिटौटास गेटौटिस यांच्या गटाने असे रेणू बनवले ज्यांचा एक पाय खालच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि डोकं वर राहतं. द्रावणातून ओतले की ते आपणच उभ्या ओळीत बसतात आणि नेमका एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो. बर्लिनमध्ये स्टीव्ह अल्ब्रेख्त यांच्या गटाने तो वापरून २०२० मध्ये जोडघटाची कार्यक्षमता २९.१५ टक्क्यांवर नेली. चीनच्या लोंगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ आणि एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ टक्क्यांचा जोडघट दाखवला. एका पदार्थाला जी भिंत ओलांडता येत नाही, ती दोघांनी मिळून ओलांडली.

मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारातही हे काम चालू आहे. दिनेश काब्रा यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचा पारदर्शकतेकडे झुकणारा घट वेगळा बनवून सिलिकॉनवर ठेवला. दोघांच्या तारा स्वतंत्र, म्हणून याला चार टोकांचा जोडघट म्हणतात. त्याची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या जवळ पोहोचली आहे. या पद्धतीत दोन घटांचा प्रवाह सारखा असण्याची सक्ती नसते, ऊन बदलतं तसं प्रत्येक जण आपापलं काम करतो.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की असावी. ३४.८५ सारखा विक्रम चौरस सेंटिमीटरभर घटावरचा असतो. तेवढ्या जागेवर थर एकसारखा घालणं आणि दाराएवढ्या काचेवर घालणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. दाराएवढी काच गरगर फिरवता येत नाही. तिथे द्रावण चिरेतून पसरावं लागतं किंवा वाफेतून थर बसवावा लागतो, आणि हलव्याचा तो नेमका क्षण काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच साधावा लागतो. ऑक्सफर्डमधून २०१० मध्ये निघालेल्या ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातून जोडघटांची पहिली व्यापारी खेप अमेरिकेला पाठवली. त्या पॅनलांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. विक्रमाच्या शेजारी हा आकडा लहान दिसतो, पण माझ्या लेखी त्याचं वजन जास्त आहे.

शिशाबद्दल वाचकाच्या मनात शंका येणं रास्त आहे. थर इतका पातळ असतो की एका चौरस मीटरमध्ये एक ग्रॅमहून कमी शिसं बसतं. नेहमीच्या सिलिकॉन पॅनलच्या डाखातही काही ग्रॅम शिसं असू शकतं. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात जास्त सहज उतरतं. गारपिटीने काच तडकली आणि मागून पाऊस आला तर ते मातीत जाईल. म्हणून घटाच्या दोन्ही बाजूंना शिसं पकडून ठेवणाऱ्या रेणूंचे थर लावण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि फुटलेल्या घटातलं बहुतेक शिसं त्यांत अडकतं असं दिसलं आहे. शिशाऐवजी कथील वापरून पाहिलं, पण कथिलाचा आयन हवेत लगेच बदलतो आणि घट आणखीच अल्पायुषी होतो. शिसं ही काळजीची बाब, तर आयोडीन काहींना जमेची. जपानचा या पदार्थातला रस त्यामुळेही आहे. चिलीच्या खालोखाल जगातलं सर्वाधिक आयोडीन तिथे निघतं, मुख्यतः चिबा प्रांतातल्या खाऱ्या भूजलातून. सपाट जमीन कमी असलेल्या त्या देशाने वाकवता येणाऱ्या पातळ पेरोव्हस्काइट पट्ट्यांवर भर दिला आहे. इमारतीच्या भिंतीला किंवा वजन न पेलणाऱ्या छपराला त्या लावता येतात.

टिकाऊपणाची कसोटी पॅनलांसाठी ठरलेली आहे. ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, हजार तास. शिवाय उणे ४० ते अधिक ८५ अंशांपर्यंत तापवायचं-गोठवायचं, असं दोनशे वेळा. सिलिकॉनचे पॅनल हे सोसून पुढे वीस-पंचवीस वर्षं काम करतात. तरीही आयआयटी मुंबईतल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने देशभर फिरून पॅनल तपासले तेव्हा गरम हवामानाच्या भागातले पॅनल थंड भागांतल्यांपेक्षा लवकर झिजलेले आढळले. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या गच्चीवरचं पॅनल हाताला चटका देतं, आतला घट सत्तर अंशांपर्यंत जातो. आणि महिन्याभरात त्याच गच्चीवर पाऊस कोसळतो. युरोपातल्या सौम्य उन्हात पास झालेल्या पेरोव्हस्काइटला ही परीक्षा इथेच द्यावी लागेल.

म्हणून जिथे जिथे हे काम चालतं तिथे गच्चीवर एक लोखंडी मांडणी उभी दिसते. तिच्यावर दक्षिणेकडे तोंड करून काचेत बंद केलेले काळे चौकोन ओळीने लावलेले, प्रत्येकामागे तारा, प्रत्येकावर तारीख. मोजमाप यंत्र आपोआप करत राहतं. तरी काम करणारी मुलंमुली अधूनमधून वर जातात, काचेवरची धूळ पुसतात, वाकून चारी कडा निरखतात. मधला भाग सहसा बघत नाहीत. पिवळं पडायला सुरुवात होते ती बहुधा कडेपासून.